हट्ट्याहून हिंगोलीचे सहा संगणक

३ जून, मंगळवार

चौथी ऑपरेटिंग सिस्टिमही अडली! पेनड्राइव्हवरून सुरू होते, निळा पडदा येतो, मग नुसतं चाक फिरत राहतं. दोष तिचा नाही. माझं नेटबुक, म्हणजे छोटा लॅपटॉप, बारा वर्षांचं आहे, मेमरी एक जीबी. ताईनं 'टाकून द्यायचं होतं, तू घे' म्हणून दिलं.

उद्या पपी नावाची सिस्टिम. फुकट, मोकळी आणि अगदी लहान. पेनड्राइव्हवर मी चिठ्ठी चिकटवली होती, ती बाबांनी वाचली. "पपी म्हंजे कुत्रं ना? आता कुत्रं सोडतूस व्हय त्यात?" आई भाकरी थापता थापता म्हणाली, "चावलं तर सांग." दोघंही हसले. मला हसू आलं नाही.

४ जून, बुधवार

पपी धावली! पण माझ्या वायफायला लागणारी फाइल सापडेना. नेटशिवाय काय उपयोग? रात्रीपर्यंत शोधली. नाही.

७ जून, शनिवार

अँटिएक्स नावाची सिस्टिम बसली. वायफाय लागलं. मराठी अक्षरं टाकली आणि 'दुसऱ्या' लिहून पाहिलं — अर्धा र सुद्धा नीट उमटला. बरं वाटलं.

लगेच नेटबुक घेऊन हिंगोली गाठली. प्रभूभाऊंचं ऑनलाइन अर्ज भरायचं सेंटर आहे, सहा संगणक, सहाही रडणारे. त्यांना नेटबुक चालवून दाखवलं. म्हणाले, "ह्या डबड्यावर चालतंय तर माझ्याकडं चालंलच. टाक. बराबर चाललं तर एक तारखेपासून तूच. मला माणूस पाहिजेच हाय."

खुर्ची पाहून ठेवली. काउंटरच्या मागं, पंख्याखाली. बारावीची परीक्षा न देता घरी बसलो त्याला तीन वर्षं झाली. गावात रोज कुणीतरी विचारतंच — काय करून राहिलास? उत्तर देताना मी चपलेकडे बघतो. ती खुर्ची मिळाली तर वर बघून सांगेन.

११ जून, बुधवार

तीन दिवस जाऊन-येऊन सहाही संगणकांवर हीच सिस्टिम टाकली. आणि आज — आज मी हट्ट्यात घरी पलंगावर बसून हिंगोलीचे संगणक उघडले! दुरूनच. एकाचा बाण हलवला. लगेच प्रभूभाऊंचा फोन. "धम्मा, बाण आपोआप फिरून राहिला रे! तू हायस का भूत हाय?"

"मीच आहे भाऊ."

"बाप रे. गिऱ्हाईक उठून पळालं असतं!"

आईला दाखवलं. तिनं पदर सावरला. म्हणाली, "तिकडल्यांना आपण दिसतो का?" नाही म्हटल्यावर बसली.

१४ जून, शनिवार

प्रभूभाऊ म्हणाले, जुना पासवर्ड सगळ्या पोरांना पाठ झालाय, बदल. सेंटर बंद व्हायच्या आधी घरूनच सहाही ठिकाणी बदलला. मराठीत ठेवला. कुणाला सुचणार नाही, आणि माझं एक अक्षरही चुकणार नाही. फोनवर सांगितला, त्यांनी वहीत लिहून घेतला. इथून तीनदा तपासलं. उघडतात.

१५ जून, रविवार

सेंटर बंद, संगणक बंद. तपासता येत नाही. चैन नाही.

१६ जून, सोमवार

हे कुणाला सांगता येणार नाही, म्हणून इथे.

साडेनऊला प्रभूभाऊंचा फोन. "एकबी उघडंना! तुझा पासवर्ड घेतच न्हाईत. आज वसतिगृहाच्या अर्जाची शेवटची तारीख, पाचपर्यंत. बायामाणसं दारात बसल्यात."

क्षणात कळलं. सुरुवातीच्या पडद्यावर तिथल्या कळफलकातून इंग्रजीच अक्षरं उमटतात. मराठी कळफलक आत गेल्यावर लागतो. आणि आत जायलाच मराठी पासवर्ड! मी नेटबुकवरून तपासलं, इथं मराठी उमटतं. त्या पडद्यावर मराठी टाइप करून मी पाहिलंच नव्हतं.

नेटबुक मांडीवर होतं. मी सहाही संगणकांत शिरू शकत होतो. इंग्रजी पासवर्ड टाकायचा, झालं. दोन मिनिटं.

मी म्हणालो, "भाऊ, मला यावं लागेल."

का म्हणालो? त्यांना वाटावं की माझ्यावाचून अडतं. मी तिथे असलो पाहिजे. दुसरं कारण नाही. फार शोधलं, नाही.

इस्त्रीचा शर्ट घातला. गाडी बदलून पोहोचायला साडेबारा. दारात पंधरा-वीस माणसं. प्रभूभाऊंनी खुर्ची पुढं केली, "बस." मी नेटबुक उघडलं आणि घरी दोन मिनिटांत झालं असतं तेच केलं, फक्त हळू. एकेक संगणक. कपाळाला हात लावून. संगणक उघडले तशी माणसं आत घुसली. पाणी आलं, चहा आला. एक मुलगी म्हणाली, "सर, माझा फोटो चढंना." सर!

पाचपर्यंत अर्ज भरत होतो. मग रांगेतल्या माणसांची नावं लिहिलेल्या नंबराच्या वहीत नावांवर रेघा मारल्या. एक नाव उरलं. दोन नंबरचं. चंद्रभागाबाई, पुसेगाव.

"ती म्हातारी का?" प्रभूभाऊ म्हणाले. "बसली होती बिचारी सकाळच्यापासून. साडेअकराला गेली. शेरडं घरी बांधून ठिवली म्हणली, बस गेली तर पंचाईत."

"दुसऱ्या सेंटरवर गेली असेल."

"गेली असंल की."

१७ जून, मंगळवार

वहीत तिच्या नावापुढं फोन नंबर होता, तो काल टिपून आणला होता. चार वेळा लावून कापला. पाचव्यांदा तिची नात बोलली, ऐश्वर्या. सेंटरमधून बोलतोय म्हटलं.

"आज्जीनं माझा अर्ज भरलाच न्हाई. हिंगोलीचे कंप्युटर बंद पडलेत म्हणाली. आमी बी तेच धरलं."

म्हणजे दुसरीकडे विचारलंच नाही. एका दारात बंद, म्हणजे साऱ्या गावात बंद!

"तारीख गेली ना दादा?"

"हो."

"आता आज्जी शाळा सोड म्हणायली. रोज जाणं-येणं न्हाई जमायचं म्हणते. तुमी एकदा बोला ना तिच्याशी."

आजी फोनवर आली. "कोन हाय? तुमचे झाले का सुरू?" झाले म्हटलं. "बरं झालं बाई. लोकायची लई तकलीफ झाली काल."

लोकांची!

१८ जून, बुधवार

जेवलो नाही. बाबा विचारत होते, काहून रे. पोट, म्हटलं.

१९ जून, गुरुवार

पहिल्या गाडीनं गेलो. खुर्चीवर बसलो नाही, उभा राहून सांगितलं. सोमवारी मला यायची गरज नव्हती भाऊ. घरून दोन मिनिटांचं काम होतं. मी मुद्दाम आलो.

प्रभूभाऊ हसले. "दोन मिनिटांत? घरून? सगळंच?"

"सगळंच."

"मग येड्या, येतूस काहून? एक तारखेपासून घरूनच कर. खुर्ची गिऱ्हाइकाला व्हईल." त्यांनी ती उचलून काउंटरच्या बाहेर ठेवलीसुद्धा.

मी म्हणालो, भाऊ, ते चंद्रभागाबाईंचं —

"कोन चंद्रभागाबाई?"