घरी होत नाही म्हणे

बाबा,

आज गाडीचा एसी पुन्हा बंद पडला आणि मी गाडी सरळ गॅरेजात नेऊन उभी केली. बॉनेटसुद्धा उघडून पाहिलं नाही. चावी त्या माणसाच्या हातात दिली, संध्याकाळी येते म्हटलं आणि ऑटोत बसले. बसल्यावर वाटलं, तुम्ही मागे फाटकाशी उभे आहात, कपाळाला आठ्या घालून, 'आधी पाहून तं घ्यायचं ना जरासं' असं पुटपुटत. तुम्हाला जाऊन आता बरीच वर्षं झाली, तरी घरातली एखादी वस्तू बिघडली की मला अजून तुमचा धाक वाटतो. म्हणून हे लिहायला बसले आहे. हे कुठे पाठवता येत नाही, हे मला कळतं.

तुम्ही इटियाडोह धरणाच्या कालव्यावर नोकरीला. धानाला पाणी सोडायचं, बंद करायचं, गेटच्या दांड्याला ग्रीस लावायचं. हे करता करता तुमची अशी पक्की समजूत झाली होती की माणसानं जे बनवलं ते माणसाला उघडता येतं, आणि उघडता आलं की नीटही करता येतं. आपल्या घरातली वस्तू कधी दुकानात गेली नाही. रेडिओ, इस्त्री, आईची शिलाई मशीन, शेजाऱ्यांचे पंखे, सगळं पुढच्या सपरीत, छपराखाली, पोत्यावर पसरलेलं असायचं आणि तुम्ही मधे मांडी घालून. आई जेवायला हाका मारायची, तुम्ही 'आलोच' म्हणायचे आणि भात गार व्हायचा. कूलर म्हणजे तर तुमचा जीव. होळी झाली की तो बाहेर काढायचा, गंज खरवडायचा, वाळ्याची नवी खस भरायची, मोटरला तेल द्यायचं. आपल्या भागात हे घरोघरी करतात, त्यात कोणी मोठेपणा मिरवत नाही. तुम्ही मात्र मिरवायचे. पाहुणा आला की त्याला कूलरपुढे बसवायचे आणि 'थंडी वाजली तं सांगजा' म्हणायचे.

म्हणूनच गाडीतल्या एसीशी तुमचं पहिल्या दिवसापासून जमलं नाही. मला शाळेत नोकरी लागल्यावर काही वर्षांनी मी ती जुनी पांढरी गाडी घेतली. तुम्ही पुढच्या सीटवर बसले, एसीचं बटन दाबलं आणि लगेच काच बोटभर खाली केली. मी काच वर करा म्हटलं तर म्हणाले, "हवेले निघाले रस्ता नोको का? कोंडून ठेवली तं थंडी कशी येईन?" हे सगळं कूलरचं शास्त्र. खिडकी उघडी नसली तर कूलर खोलीत नुसता दमटपणा करतो, ते खरंच आहे. पण एसी म्हणजे कूलर नव्हे, हे मी तुम्हाला सांगून सांगून थकले. तुम्ही मान हलवायचे आणि काच बोटभर उघडीच ठेवायचे. मागच्या सीटवर आई तोंडाला पदर लावून हसायची. तेव्हा ती अंगानं चांगली भरलेली होती, आणि केसांचा अंबाडा एका हातात मावत नसे.

मग तिला कॅन्सर निघाला आणि नागपूरच्या चकरा सुरू झाल्या. पहाटे आपल्या अर्जुनीहून निघायचं, साकोली, लाखनी, भंडारा करत दवाखाना गाठायचा, तिला सलाईनमधून ते औषध द्यायचं आणि भर दुपारच्या उन्हात परत यायचं. नेमका त्याच उन्हाळ्यात एसीनं जीव सोडला. आदल्या वर्षी मी पैसे देऊन गॅस भरून आणला होता, तो उडून गेला होता. "हवा इकत घेतली आन् हवा उडाली," असं तुम्ही म्हणाले आणि पाने, स्क्रू काढायचा पेचकस आणि साबणाचं पाणी घेऊन अंगणात गाडीच्या पोटात शिरले. तुमचंही चुकत नव्हतं. भोक सापडल्याशिवाय पुन्हा गॅस भरण्यात काय अर्थ होता. तुम्ही नळीच्या प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावायचे आणि बुडबुडा येतो का ते डोळे बारीक करून पाहत राहायचे. पुढच्या जाळीची वाकलेली पाती माझ्या कंगव्यानं सरळ केली. सायकलच्या ट्यूबमधून रबराच्या रिंगा कापल्या. आणि तोवर काही तरी हवं म्हणून आईच्या बाजूच्या खिडकीत खसची ताटी तारेनं बांधून दिली. साकोलीपर्यंत आईच्या मांडीवर पाणी ठिबकत राहिलं. "कूलरात बसून चालली मी," ती म्हणाली. तिला बरं वाटलं असावं, किंवा तुम्हाला बरं वाटावं म्हणून ती तसं म्हणाली असावी.

मी मात्र चिडून होते. प्रश्न हौसेचा नव्हता. परतीच्या वाटेवर तिला उलट्या व्हायच्या, ओठ कोरडे पडायचे, ओला दुपट्टा डोक्यावर ठेवला तर घटकेत वाळून कडक व्हायचा. आणि तुम्ही अंगणात फेस लावत बसलेले. "मी रविवारी गाडी गोंदियाला नेते," मी म्हटलं. तुम्ही डोकं वर न काढता म्हणाले, "कायले? मी करून राहिलो ना." मी म्हटलं, तुमचं करणं होईपर्यंत उन्हाळा संपेल. याच्यापुढचं वाक्य माझ्या अगदी ओठावर आलं होतं, ते मी गिळलं. तुम्हाला ते ऐकू आलं असावं, कारण तुमचा हात थांबला.

शनिवारी मी आईला सांगितलं की उद्या सकाळी तुम्ही उठायच्या आत मी गाडी घेऊन जाणार. ती खाटेवर भिंतीकडे तोंड करून निजली होती. ती माझ्याकडे वळली, आणि मला आजही तिचा तो चेहरा दिसतो, डोक्याला बांधलेला तो निळा रुमाल दिसतो. ती म्हणते, "राहू दे. तुह्या बाबाले करू दे." मी म्हणते, अगं पण तुला त्रास होतो. ती म्हणते, "ऊन सोसते मी. ते गाडीत राहतेत तोवर बरं आहे. नाही तं इथं येऊन माह्याकडं पाहत बसतेत."

तुम्ही तिच्याकडे पाहत बसायचे, हे मी रोज पाहत होते. स्टूल खाटेजवळ ओढायचे, हात गुडघ्यांवर ठेवायचे आणि नळीच्या जोडाकडे पाहावं तसं तिच्याकडे पाहत राहायचे, कुठून काय निघून चाललं आहे ते शोधत. मला ते प्रेम वाटायचं. होतंच ते प्रेम. पण त्या नजरेखाली तिला झोपताही येत नव्हतं आणि कण्हताही येत नव्हतं. त्या रविवारी मी गाडी नेली नाही.

मे महिन्यातल्या चकरेत लाखनीच्या पुढे तिची शुद्ध हरपली. रस्त्याकडेच्या मोहाच्या झाडाखाली गाडी लावली, तिला बाहेर काढून सावलीत निजवलं, तोंडावर पाणी मारलं. तुम्ही तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. तिनं डोळे उघडले, तुम्हाला पाहिलं आणि पुन्हा मिटले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन आले तर तुम्ही धुतलेला सदरा घालून गाडीपाशी उभे. "चाल गोंदियाले," म्हणाले.

गॅरेजवाला चांगला माणूस होता. तुम्ही त्याला सगळं सांगितलं, कोणकोणत्या जोडाला फेस लावला, कुठे तेलकट धूळ दिसली, कुठे रिंग बदलली. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग दाब मोजायची घड्याळं असलेल्या नळ्या लावल्या, पाहिलं आणि म्हणाला, "काका, गॅस ही नहीं है अंदर. बुलबुला कहाँ से आएगा?" इतके दिवस तुम्ही रिकाम्या नळ्यांवर फेस लावत होते. त्यानं सिलेंडर लावून नळ्यांत दाब भरला, तेव्हा कळलं की तुम्हाला ज्याचा संशय होता तो जोड ठीकच होता. गळत होतं आत, डॅशबोर्डच्या खाली, थंड हवेच्या कॉइलमध्ये, जिथे तुमचा हात पोचलाच नसता. तो दुरुस्त करेपर्यंत तुम्ही लाकडी बाकावर बसून होते. गाडी झाल्यावर तुम्ही त्याला विचारलं, "मंजे माह्याच्यानं झालंच नसतं?" तो हात पुसत म्हणाला, "घर पे नहीं होता काका. किसी से नहीं होता."

परत येताना गाडी गार झाली होती. तुम्ही आपल्या हातानं काच पूर्ण वर केली. घर जवळ आल्यावर, मोरगावच्या अलीकडे, बाहेर पाहत, मला नव्हे, स्वतःशीच म्हटल्यासारखं तुम्ही म्हणाले, "घरी होत नाही म्हणे. कोणाच्यानंच होत नाही म्हणे." तुम्ही गाडीबद्दल बोलत नव्हते, एवढं मला कळत होतं.

त्यानंतरच्या चकरा आईला सोप्या गेल्या. ती गाडीत झोपायची. पण घरी तुमच्या हाताला काम उरलं नाही आणि स्टूल पुन्हा खाटेजवळ आलं. आठवडाभरानं आईनं मला खुणेनं जवळ बोलावलं आणि कानात म्हणाली, "काही तरी बिघडव." मी म्हटलं, काय? ती म्हणाली, "काहीही. पण लवकर होईन असं नोको."

मग मी टेबल फॅनची तार काढली. मग इस्त्रीची. मग शिलाई मशीनचा एक स्क्रू काढून डब्यात टाकला. तुम्ही सपरीत पोतं पसरून बसायचे, आई आत डोळे मिटून पडायची, कण्हायचं असेल तर कण्हायची, आणि तुमच्या ठोकाठोकीच्या आवाजात ते तुम्हाला ऐकू जात नसे. एकदा तुम्ही रेडिओ उघडून आत पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि आईला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आपल्या घरचे उंदीर लय हुशार झाले. पेचकस धरतेत." आत आई हसली. किती दिवसांनी हसली. तुम्हाला कळलं होतं, तरी तुम्ही तो रेडिओ दुपारभर उघडून बसले आणि सावकाश, फार सावकाश नीट केला. त्या दुपारी तुम्ही दोघं मला जितके आवडले तितके कधीच आवडले नव्हते.

धानकापणीच्या दिवसांत आई गेली. पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे परतले, विहारातली माणसं येऊन बसून गेली आणि घरात आपण दोघंच उरलो. तुम्ही स्टूलवर बसायचे आणि रिकाम्या खाटेकडे पाहायचे. जेवा म्हटलं की जेवायचे. मला भीती वाटू लागली. मग मला एकच उपाय ठाऊक होता. मी मिक्सरच्या खालची एक तार सैल केली आणि बंद पडलेला मिक्सर तुमच्यापुढे आणून ठेवला. वाटलं, तुम्ही उंदरांचं नाव घ्याल. तुम्ही तो उलटासुद्धा केला नाही. नुसता हात लावला, जरासा माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "दुकानात देऊन टाक."

मी तो पिशवीत घालून शाळेत नेला. मधल्या सुट्टीत, सगळे जेवायला गेल्यावर, तुमच्याच पेचकसनं ती तार कसली आणि संध्याकाळी मिक्सर घरी आणला. तुम्हाला म्हटलं, आणला दुकानातून. स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि मिक्सर चालू केला, कारण आई गेल्यापासून मी रडले नव्हते आणि आता ते आवरत नव्हतं, आणि तुम्हाला ते ऐकू जायला नको होतं. मी तो बराच वेळ चालू ठेवला. बंद केल्यावर तुम्ही बाहेरून म्हणाले, "चांगला केला त्यानं. आवाजही मस्त येऊन राहिला." मी हो म्हटलं.

बाबा, मी दुकानात गेलेच नव्हते. आणि भांड्यात काही नव्हतं.