वाचक क्रमांक दोन

४ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

आजपासून कामाला लागले. निवृत्त होऊन चार वर्षं झाली. एवढ्या काळात विश्रांतवाडीच्या सोसायटीची लिफ्ट, पाण्याची टाकी आणि सेक्रेटरी या सगळ्यांवर चिडून झालं. आता चिडायला शंभर वर्षांपूर्वीचं वर्तमानपत्र मिळालं आहे, म्हणजे समोरून उलट उत्तर येणार नाही.

वाचनालय शनिवार पेठेत, एका इमारतीच्या तळमजल्यावर आहे. मागच्या खोलीत चार संगणक, एकच दार आणि एक जाळीची खिडकी. खिडकीबाहेर हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत. शेफाली नावाची मुलगी सगळं सांभाळते. चुणचुणीत आहे. तिने काम समजावून सांगितलं. ‘नदीकाठ’ नावाचं जुनं साप्ताहिक पानापानाने स्कॅन केलं आहे. पडद्यावर डावीकडे पानाचं चित्र, उजवीकडे यंत्राने वाचलेला मजकूर. यंत्र भयंकर चुकतं. आपण चित्राकडे पाहून मजकूर नीट करायचा. मग तोच मजकूर दुसरा स्वयंसेवक तपासतो, तो ‘वाचक क्रमांक दोन’. दोघांचं जुळलं की ओळ हिरवी होते, म्हणजे पक्की. नाही जुळलं की लाल. गावाचा इतिहास लिहिणारे पुढे या पक्क्या ओळी वापरणार.

अमीनसाहेब म्हणून सत्तरीचे एक गृहस्थ येतात, पिढीजात पुस्तकबांधणीवाले. त्यांनी नियम सांगितला: जे छापलंय तेच लिहायचं. खोटं छापलं असेल तर तेही तसंच. आपल्याला वेगळं काही माहीत असेल तर खाली ‘शेरा’ म्हणून चौकट आहे, त्यात लिहायचं. मला हा नियम फार आवडला. एकतीस वर्षं कारखान्यात सुपरवायझर होते, तिथेही मी हेच म्हणायचे. कागदावर आहे ते खरं.

दिवाळीचा उरलेला चिवडा नेला होता. अमीनसाहेब म्हणाले, मीठ कमी आहे, पण फुकटच्या कामाला इतपत चालेल. चला, बोलायला माणूस मिळाला.

६ नोव्हेंबर, गुरुवार

इथली तरुण मंडळी पडद्यासमोर बसून मोबाइलमध्ये डोकं घालतात. मी शेफालीला स्पष्ट सांगितलं, सगळ्यांचे मोबाइल दाराबाहेरच्या टेबलावर, टोपलीत. ती ‘ओके मॅडम’ म्हणाली आणि टोपली आणून ठेवली. कुरकुर झाली. होऊ दे. मला १९३१ साल दिलं आहे. आज दोन पानं पूर्ण केली.

संध्याकाळी मुक्ताईचा फोन आला. पुन्हा! हिची आई कौशल्या माझ्या हाताखाली पॅकिंगला होती. २००७ साली पॅकिंगच्या खोलीत थिनरचे डबे पेटले आणि धानोरीच्या तीन बायका गेल्या. कौशल्या त्यातलीच एक. तिने चहासाठी स्टोव्ह पेटवला, असं चौकशीत ठरलं. अहवालावर सही माझी. आता गावकरी देवळाशेजारी त्या बायकांच्या नावांची फरशी बसवणार आहेत, सत्तावीस तारखेला संध्याकाळी पाचला. कौशल्याचं नाव मात्र नको म्हणतात, बाकीच्या दोघी तिच्यामुळे गेल्या म्हणून. अठरा वर्षं त्या घरांतून मुक्ताईला हळदीकुंकवाचंसुद्धा बोलावणं नाही म्हणे. तिचं म्हणणं एकच, “मॅडम, फकस्त एक ओळ लिवून द्या, माज्या आईची चूक न्हवती म्हून. तुमाला समदं ठावं हाय.”

मी सांगितलं, अहवाल आहे तो आहे, आणि फोन ठेवला. लोकांना कागदाची किंमतच राहिलेली नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

वाचनालय दुपारी एक ते चार बंद. का? तर बंद असतं. बरं. मी म्हटलं, मी घरी जाऊन झोपणार नाही, आत बसून काम करीन. शेफाली म्हणाली, दार उघडं दिसलं की लोक पुस्तकं बदलायला घुसतात. मग मीच तोडगा काढला. मला आत ठेवून बाहेरून कडी लाव आणि चारला उघड. ती बिचकली. काही झालं तर, म्हणाली. मी म्हटलं, काय होणार आहे? माणसांची ये-जा थांबवायला बाहेरची कडी हा सगळ्यात सोपा उपाय, हे अनुभवाने सांगते.

काम झपाट्याने झालं. एका बातमीपाशी मात्र डोकं फिरलं. शोभेच्या दारूच्या कारखान्यात आग, चार स्त्रिया दगावल्या, ‘आनंदीबाई नामक मजूर स्त्रीच्या निष्काळजीपणामुळे हा अनर्थ ओढवला.’ मी पाच मिनिटांत मजकूर नीट केला. लगेच लाल! वाचक क्रमांक दोनने शेवटी एक ओळ जोडली होती: ‘दार बाहेरून बंद होते.’

चित्रात अशी ओळ नाही. मी भिंग लावून पाहिलं. ती पुसली, तर परत आली. पुन्हा पुसली, पुन्हा आली. असले दीडशहाणे स्वयंसेवक घरी बसून स्वतःच्या मनचा इतिहास घुसडतात आणि आपण मान मोडून काम करायचं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

शेफालीकडे तक्रार केली, त्या माणसाला काढून टाका म्हणून. तिने यादी उघडली. १९३१ला दुसरा वाचक अजून दिलेलाच नाही म्हणते. मग लाल कोण करतंय? ‘बघते मॅडम’, म्हणाली. पगारी माणसांना उत्तरं ठेवायची सवयच नसते.

अमीनसाहेबांना विचारलं. ते पान श्रावणात त्यांच्याकडे होतं आणि त्यांनी ते अर्धवट सोडून दिलं. त्यांनाही ती ओळ आली होती. त्यांनी शेऱ्यात लिहिलं, ‘दार बंद होतं का, कोणीतरी तपासावं.’ त्यानंतर त्रास झाला नाही म्हणे. मला म्हणाले, तुम्हाला जे माहीत असेल ते शेऱ्यात लिहा आणि मोकळ्या व्हा. मी म्हटलं, १९३१चं मला काय माहीत असणार? ते चष्म्यावरून पाहत राहिले. मला माणसांचं असं पाहणं आवडत नाही.

दुपारी पुन्हा दहा वेळा पुसलं. दहा वेळा परत आलं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज ती ओळ चित्रातच होती. डावीकडे, पानावर, त्याच जुन्या खिळ्यांच्या छपाईत: दार बाहेरून बंद होते. गेल्या आठवड्यात ती नव्हती. मी वेडी नाही. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या आहेत, माझी नजर चुकत नाही.

ठीक आहे, छापलंय तर छापलंय. नियमाप्रमाणे मी ती ओळ लिहिली. आता तरी हिरवी होईल असं वाटलं. झाली नाही. खाली नवीन ओळ आली: ‘कोणी लावले?’

मी टेबलावर हात आपटला आणि ओरडले, मला काय विचारतेस! खोलीत कोणी नव्हतं. मी ‘विचारतेस’ का म्हटलं, कळत नाही.

साडेतीनच्या सुमारास थिनरचा वास आला. शेजारी रंगकाम चालू असेल. शेफाली म्हणाली, तसं काही चालू नाही.

रात्री मुक्ताईचा फोन. उचलला नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

बातमी बदलली आहे. पान तेच, तारीख १९३१ची, शेजारी केशतेलाची जाहिरात तीच. मधली बातमी: ‘पॅकिंग विभागातील कामगार कौशल्या हिने मनाई असताना चहाकरिता स्टोव्ह पेटविल्याने दुर्घटना घडली. व्यवस्थापनाची कोणतीही कसूर आढळली नाही.’

ही माझी वाक्यं आहेत. शब्द न् शब्द. हा अहवाल एकाच फायलीत होता आणि ती फाईल कंपनीबरोबर कधीच रद्दीत गेली. मग हे कोणी केलं? मुक्ताईने? तिला संगणक कुठे येतो? शेफालीला बोलावून दाखवलं. तिला आनंदीबाईचीच बातमी दिसली. मॅडम, तुम्ही दोन दिवस रेस्ट घ्या, म्हणाली. रेस्ट! चार वर्षं तेच करत होते.

आता लिहूनच टाकते, वही माझीच आहे. कडी होती. बायका सारख्या चहाला, नळावर, कुठे कुठे जायच्या, माल वेळेत निघायचा नाही. म्हणून जेवणाच्या सुट्टीपर्यंत बाहेरून कडी लावायची पद्धत पडली. पद्धत होती ती, कोणा एकाचं काम नव्हतं. आग लागेल हे कोणाला स्वप्नात दिसलं होतं? आणि वरून दडपण होतं. मी एकटीने का ऐकून घ्यायचं?

२५ नोव्हेंबर, मंगळवार

शेफालीला बजावलं, आज कडी लावू नकोस. नाही लावत म्हणाली आणि गेली.

एक वाजून दहा मिनिटांनी बाहेरून कडी सरकली. मी तो आवाज ओळखते. दार ढकललं, बंद. ओरडले. दुपारी या वेळी पेठेत हाकेला ओ देतं कोण? मोबाइल बाहेर टोपलीत.

समोरच्या संगणकावर कोणीतरी टाइप करत होतं. खुर्ची रिकामी. कळा खाली-वर होत होत्या. माझ्या पडद्यावर: कोणी लावले? कोणी लावले? कोणी लावले?

मी कारखान्याच्या वॉचमनचं नाव लिहिलं. लाल.

चारला शेफाली आली. मी कडी लावलीच नव्हती, शपथ, म्हणाली. ती रडकुंडीला आली होती. मी तिला नाही नाही ते बोलले. त्या पोरीची काय चूक होती?

अमीनसाहेब रिक्षापर्यंत सोडायला आले. म्हणाले, उद्यापासून येऊ नका. नाहीतर जिला लिहून द्यायचं तिला लिहून द्या. त्यांना कोणी सांगितलं? मी तर सांगितलं नव्हतं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

मुक्ताई सोसायटीच्या गेटपाशी उभी होती. मी खाली गेले नाही. गच्चीतून पाहिलं. दोन तास उभी होती. उन्हात.

कागद घेतला, पेन घेतलं. नाही लिहिलं. एकदा लिहिलं की एकतीस वर्षांच्या नोकरीत माझं एवढंच उरेल. मी का म्हणून —

उद्या जाणार. त्या पानाचा सोक्षमोक्ष लावणार. मी कोणाला घाबरून घरी बसलेली नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

१.०५ — आज कडी लावणार कोण? शेफाली आलेलीच नाही. अमीनसाहेबांनी दार उघडून दिलं. मोबाइल आत न्या म्हणाले आणि घरी गेले. नियम माझाच. टोपलीत ठेवला. मूर्ख मी.

१.१५ — कडी.

१.२० — वास. या वेळी धूरही आहे. दाराच्या फटीतून येत नाही. संगणकातून नाही. कुठून —

खिडकीपलीकडे भिंत. ओरडले. कोणी नाही. सगळे झोपलेत. मेले झोपलेत!

१.३० — शेऱ्याची चौकट आपोआप उघडली आहे. लिहिलं, व्यवस्थापनाने कडी लावली. लाल. मोठ्या साहेबांचं नाव लिहिलं. लाल. दारावर आतून थापा. आतून. माझ्या शेजारून. मी तर खुर्चीत बसले आहे.

तीन जणी खोकताहेत.

तेव्हाही ऐकल्या होत्या या थापा. मी ऑफिसात होते. वाटलं, पुन्हा चहाला सोडा म्हणून आरडाओरडा चाललाय. मला राग आला होता. मी उठले नाही. चार मिनिटं. रागात.

१.४० — डोळे चुरचुरतात. आज पाचला फरशी बसेल. ही वही ज्याला मिळेल त्याने मुक्ताईला द्यावी, धानोरीत, देवळाजवळ घर. पाचच्या आत. शेऱ्यात लिहिते आहे तेच इथेही लिहिते.

कौशल्याने स्टोव्ह पेटवला नाही. — हिरवी.

खोलीत स्टोव्ह नव्हताच. — हिरवी!

तारेची ठिणगी पडली. तक्रार तिने आधीच दिली होती, मी टेबलाच्या खणात ठेवली. — हिरवी.

दार बाहेरून बंद होते. — हिरवी.

थापा थांबल्या. तिघी वाट बघताहेत. एकच ओळ राहिली. लिहिते ग, लिहिते, हात भाजतो आहे, थांब —

त्या दाराला कडी लावायचा हुकूम दिला तो