काळी चार

आसगाव, ता. पवनी
१९ ऑगस्ट २०१८

चि. अश्वजित,

जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नकोस. कुणाला काही झालेलं नाही. पाऊस यंदा शहाण्यासारखा पडला, आपल्या बांध्यांमध्ये धानाचं रोवणं आटोपलं, बाबांचा गुडघा ज्या दिवशी काम असतं त्याच दिवशी दुखतो. खुशबू भंडाऱ्याहून सुट्टीवर आली आहे. नर्सिंगला गेल्यापासून ती मलाच उठल्या-बसल्या पाणी पी म्हणते. तू जेवतोस की नाही हे विचारत नाही, कारण उत्तर तू कधी खरं देत नाहीस.

भोजराजकाकांचा अमर उद्या चाकणला परत चालला आहे. त्याच्याजवळ लाखोळीची डाळ आणि हे पत्र देते आहे. फोनवर बोलले असते, पण आपल्या घरात फोन म्हणजे सार्वजनिक कार्यक्रम. मी हॅलो म्हटलं की तुझे बाबा टीव्हीचा आवाज कमी करतात आणि वर म्हणतात, "मी कोठी ऐकून राहिलो?" म्हणून लिहिते आहे. अंगणवाडीत मुलांची नावं लिहून लिहून अक्षर बिघडलं आहे, सांभाळून घे.

डाळीच्या डब्यात प्लास्टिकच्या पुडीत एक मेमरी कार्ड आहे. डाळ शिजायला टाकण्याआधी ते काढ. त्यात दोन रेकॉर्डिंग आहेत. पहिलं बाबांचं, तू मागितलेलं. दुसरं रोवण्याचं आहे, बायांचा आवाज आहे. सहज पाठवते. नको वाटलं तर पुसून टाक.

आधी बाबांचं सांगते. जूनमध्ये तुझा फोन आला की एवढी वर्षं तू दुसऱ्यांची गाणी वाजवलीस, आता पहिल्यांदा स्वतःचं गाणं करतो आहेस, चाल झाली, ठोका झाला, आता फक्त आवाज पाहिजे आणि तो बाबांचाच पाहिजे. त्या दिवसापासून आपल्या घराची आकाशवाणी झाली. तुला ते फोनवर काय म्हणाले? "पाहू." आणि फोन ठेवल्या ठेवल्या मला म्हणाले, "आलं संपलं का वं घरातलं? काढा कर." तुझ्या डीजेच्या कामाला ते आजही मिक्सरच म्हणतात. मिक्सरवर चटणी होते, गाणं नाही, असं सगळ्या पारावर सांगून झालं आहे. पण रेकॉर्डिंगच्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. खुशबू म्हणाली, बाबा, फक्त आवाज जाणार आहे. तर म्हणाले, "आवाजाले समजते मानूस कसा बसला हाय ते."

पेटी काढली, घसा साफ केला, आणि सुरुवातीला भाषण ठोकलं: उपस्थित बंधू आणि भगिनींनो. ते काढून टाक. खुशबूने त्यांच्या कानात तुझा ठोका घातला होता. दोन ओळींनी त्यांनी ते कानातलं काढून ठेवलं. म्हणाले, "मी ठोक्याच्या मांगं नाई जाऊन राहिलो. ठोका माह्या मांगं येईन." तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते, गाडी त्यांच्या घंटीवर सुटायची, तेव्हा हे असं होणारच. पण गायले मात्र चांगले. वरच्या सुरात थोडं कापलं, तरी वजन अजून तेच आहे. जयंतीला चार गावांच्या गायन पार्ट्या बसायच्या तेव्हा जसं लोक बोलणं थांबवायचे, तसं वजन.

तर ते झालं.

आता तुझ्या गाण्यांबद्दल. माझं मत तू कधी विचारलं नाहीस, तरी सांगते. दर महिन्याला तू तुझी आवडती गाणी एकाला एक जोडून खुशबूला पाठवतोस, ती मलाही पाठवते आणि मी ऐकते. भांडी घासताना ऐकते, अंगणवाडीतून पायी येताना ऐकते. भाषा कळत नाही. कोणत्या देशाची माणसं आहेत तेही कळत नाही. पण लग्नातल्या डीजेसारखं ते छातीवर येऊन बसत नाही. कुणीतरी पाठीवर हात ठेवून पुढे चल म्हणावं तसं वाटतं. पेटीचा एकच सूर धरून ठेवल्यासारखं मागे काहीतरी चालू राहतं, आणि खूप उशिरा एखादी बाई गायला लागते. ती जोर लावत नाही. शेजारी बसून काही सांगावं तशी गाते.

मला हे नवीन होतं. आपल्याकडे गाणं म्हणजे मैदानाच्या शेवटच्या माणसापर्यंत पोचलं पाहिजे. हळू गायलेलंही गाणंच असतं, हे मला तुझ्या गाण्यांनी कळलं. बाबांना हे सांगू नकोस, ते मलाही मिक्सर म्हणतील.

यंदा रोवण्यात काय झालं ते तुला खुशबूने सांगितलं नसेल. आपल्याकडे गोदावरीबाईचा गट येतो, तुला ठाऊक आहे. तिने यंदा अड्याळच्या बाजारातून एक लाल स्पीकर आणला, आणि पहिल्या दिवशी बांधीच्या कडेला धुऱ्यावर ठेवून लग्नातलं धडधड गाणं लावलं. मग काय! बाया अशा सुटल्या की बोलता सोय नाही. जेवणाच्या आत मोठी बांधी रोवून मोकळ्या. मी खूश, गोदावरीबाई खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन पाहतो तर निम्मे परे मुळांसकट आडवे होऊन पाण्यावर तरंगताहेत. घाईत कुणी दाबलेच नव्हते. गोदावरीबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "हा का रोवणा होय? वरात होय हे!" ती बांधी पुन्हा रोवली, आणि तिने दुसऱ्यांदाची मजुरी घेतली नाही.

मग खुशबूने तुझी गाणी लावली. बाया आधी हसल्या. असं वाटलं दुपारपर्यंत बंद करायला लावतील. पण थोड्या वेळाने पाहते तर सगळ्यांचे हात एकत्र चालू लागलेले. एका ठोक्याला परा चिमटीत, दुसऱ्याला चिखलात, तिसऱ्याला दाबायचा, चौथ्याला पाऊल मागे. तू ही गाणी नाचायला वाजवतोस, पण ती बरोबर रोवण्याच्या चालीची आहेत. तिकडच्या लोकांनी कधी धान रोवलं असेल असं वाटत नाही, तरी आहेत. त्या बांधीतला एकही परा वर आला नाही. गोदावरीबाई म्हणाली, "तुह्या पोट्ट्याले सांग, चांगलं हाय म्हनून. पन बाई काहून एवढ्या उशिरा गाते? तिले धुऱ्यावर कोनी बसवून ठेवलं का?"

आणि त्यानंतर तुझं नवं गाणं लागलं. बाबांच्या सरावासाठी तू पाठवलेलं, ते त्याच फोनमध्ये होतं. त्यात तर आवाजच नाही. बाया वाट पाहताहेत, ठोका चालला आहे, सूर धरलेला आहे, आणि कुणी गातच नाही. तेव्हा गोदावरीबाईने माझ्या आईचं रोवण्याचं गाणं धरलं. माझी आई अड्याळकडच्या बांध्यांमध्ये पुढे गायची आणि बाकीच्या बाया मागे म्हणायच्या, हे तुला कधी सांगितलं का मी? नसेल सांगितलं.

वारा गेला धुऱ्यावरून, माय माही बोलावते,
पाय चिखलात रोवले, मन अड्याळले जाते.

वर मी बायांचा आवाज असं लिहिलं. खरं म्हणजे बाया या दोन ओळींपर्यंत होत्या. पुढचं कुणाला येत नव्हतं. मला येत होतं, आणि आईचं जिथे संपलं तिथून पुढे मी माझंच जोडत गेले. वाकलेलीच होते, हातात परे होते, कुणाकडे पाहत नव्हते. कधी बाकीच्या गप्प झाल्या ते कळलं नाही. खुशबूने केव्हा फोन काढला तेही कळलं नाही. दुसऱ्या रेकॉर्डिंगमध्ये जो आवाज आहे तो माझा आहे, अश्वजित.

दुपारी खुशबूने ते बायांना ऐकवलं. नेमके तेव्हाच तुझे बाबा चहाची किटली घेऊन धुऱ्यावरून आले. किटली हातातच धरून उभे राहिले. सगळं ऐकलं आणि विचारलं, "कोन होय वं हे?"

गोदावरीबाई ऐकते थोडीच! म्हणाली, "तुमची बायको होय, कंडक्टरसाहेब. आतातरी तिकीट फाडा तिचं."

बाया हसल्या. ते हसले नाहीत. चहा ओतला, माझ्या कपात ओतताना थोडा सांडला, आणि निघून गेले. मला वाटलं राग आला. माझं अर्धं लक्ष दिवसभर तिकडेच. संध्याकाळी हातपाय धुऊन घरात येते तर पेटी समोर घेऊन बसलेले. म्हणाले, "बस. गा."

मी म्हटलं, भात ठेवायचा आहे.

"खुशबू ठेवते. गा."

मी गायले, आणि ते पट्ट्या दाबत माझा सूर शोधू लागले. इकडे गेले, तिकडे गेले, आणि काळी चारवर थांबले. तुला यातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं. ते गातात काळी एकमध्ये. लग्न झाल्यापासून मी त्यांच्या ओळींमागे झील ओढते आहे ती त्यांच्याच पट्टीत. वर गेलं की घसा फाटायचा, खाली गेलं की आवाज दबायचा. मी समजत होते माझा आवाजच तसा आहे. त्यांना पार्टीतल्या एकूण एक माणसाची पट्टी तोंडपाठ, तबलेवाल्याचीसुद्धा, जो कधी गातच नाही. माझी त्यांना ठाऊक नव्हती. मलाही नव्हती.

म्हणाले, "एवढे वर्सं तू माह्या पट्टीत गाऊन राहिली होती?"

मी म्हटलं, "पेटी तुमच्याच हातात होती न."

"मंग बोलली काहून नाई?"

"तुमी विचारलं काहून नाई?"

त्यांनी भाता बंद केला, पेटीवर कापड टाकलं आणि भात पाहायला स्वतः उठले. भात करपला होता, तो भाग वेगळा. मला आधी राग आला, खूप आला. मग जेवताना त्यांनी करपलेला भात स्वतःच्या ताटात घेतला आणि मला वरचा पांढरा वाढला, तेव्हा हसू आलं. मी सुखात आहे, तू काळजी करू नकोस. तुझ्या बाबांबद्दल तक्रार करायला हे पत्र नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच काळी चार धरली आणि मला गायला लावलं. आता रोज धरतात. चुकलं की रागावतातही.

तुझं नवं गाणंही काळी चारमध्येच आहे, ते तुला सांगायला नको. बाबांच्या आवाजासाठी तू ती खाली आणशील, हेही मी ओळखून आहे.

आता सरळ लिहिते, नाहीतर कागद संपेल. मला तुझ्या गाण्यात गायचं आहे. बाबांनी नाही म्हटलं म्हणून नाही. त्यांनी हो म्हटलं आहे, त्यांचं चांगलंही झालं आहे. सहज म्हणूनही नाही. वर सहज लिहिलं ते खोटं होतं. मला गायचं आहे म्हणून गायचं आहे. तू आवाज शोधलास, पवनी तालुक्यातला शोधलास, आपल्या घरातला शोधलास, आणि माझा तुला आठवला नाही. यात तुझा काही दोष नाही. तू ऐकलाच कुठे होतास?

बाबांना हे पत्र मी वाचून दाखवलं नाही. त्यांना वाटतं पहिली फाईल जाणार. त्यांना काय सांगायचं ते मी पाहते, तो माझा आणि त्यांचा प्रश्न आहे. त्यांच्यासाठी तू दुसरं गाणं कर, पेटी घेऊन, ठोका त्यांच्या मागे ठेवून. ते चांगलं होईल आणि ते खूश होतील.

पण तू लहानपणापासून कुणाला दुखवू शकत नाहीस. म्हणून तू काय करशील तेही मला ठाऊक आहे. दोघांचे आवाज जोडशील. बाबा पुढे, मी मागे. तसं करू नकोस, बाळा. तसं केलंस तर मी पुन्हा झीलच ओढेन, फक्त या वेळी तुझ्या मशिनीत.

ऐक आणि खरं सांग. चांगलं नसेल तर नाही म्हण, आई म्हणून सूट देऊ नकोस. नकार ऐकायची माझी तयारी आहे. आणि चांगलं असेल तर गाण्यावर नाव लिहिताना आई असं लिहू नकोस. आई मला तू म्हण, खुशबूने म्हणावं. गाण्याने कशाला म्हणायचं?

तब्येतीला जप. डाळ भिजवून शिजव.

तुझी आई तर आहेच,
पण गाण्यापुरती,

विमला गजभिये