चकल्यांखालचं पहिलं पान

बाबा, काल चकल्या तळताना किचन टॉवेलचा कागदी रोल संपला. इथे दक्षिण गोलार्धात, पामर्स्टन नॉर्थला दिवाळी वसंतात येते, पण वारा छप्पर उडवून नेईल असा असतो. त्यामुळे खिडक्या लावूनच तळावं लागतं आणि स्मोक अलार्म दोनदा तरी ओरडतो. मी दारात फुकट पडणारं लोकल वर्तमानपत्र घेतलं. पहिल्या पानावर घरं विकणारा एजंट दात काढून हसत होता. मी पान उलटं केलं, एजंट खाली आणि गॅरेज सेलच्या जाहिराती वर, आणि झारा उचलला. तुमची नात बघत होती. पंधरा वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत देते. "यू ऑल्वेज डू दॅट, मम. ही'ज जस्ट अ रिअल एस्टेट एजंट!" मग मला माझ्या लहानपणीच्या त्या देशातलं, तिथल्या प्रमुखाच्या फोटोंचं सगळं सांगावं लागलं. ऐकता ऐकता तिनं विचारलं, "सो वॉज आजोबा स्केअर्ड, ऑर डिड ही ॲक्चुअली लाइक द गाय?" शाळेसाठी घरातल्या एका माणसावर लिहायचंय, तिनं तुम्हाला निवडलंय, सोमवारी द्यायचंय. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, तरी विचारायचं तर तुम्हालाच.

मी नऊ वर्षांची होते. त्या वाळवंटी देशात तुम्ही हॉस्पिटलच्या बांधकामावर इंजिनिअर होतात आणि आपण कंपनीच्या फ्लॅटमध्ये राहायचो. हॉलमध्ये साहेबांचा फोटो, आपल्या गणपतीच्या तसबिरीच्या तिप्पट. देशाच्या प्रमुखाला आपण घरात नुसतं साहेब म्हणायचो, कारण त्यांचं नाव मराठी वाक्यातसुद्धा घ्यायचं नाही असा तुमचा दंडक होता. तिथल्या शाळेत रोज सकाळी आम्ही साहेबांच्या दीर्घायुष्यासाठी घोषणा द्यायचो. मला ते फार आवडायचं, माझा आवाज वर्गात सगळ्यात मोठा होता. टीव्ही लावला की साहेब गव्हाच्या शेतात, साहेब पुलावर, साहेबांच्या कडेवर एखादी मुलगी. ती मुलगी कोण असते आणि तिला नंतर घरी सोडतात का, हे मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवलात. दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, तुम्ही स्टुलावर चढून तो फोटो स्वतः पुसायचात, आईला हात लावू द्यायचा नाहीत. पुसताना ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटायचात. स्तोत्र होतं की शिव्या? मी स्टुलाला टेकून कान टवकारून उभी असायचे. कधीच कळलं नाही.

वर्तमानपत्राचं तर वेगळंच शास्त्र होतं. पहिल्या पानावर रोज साहेबांचा चेहरा, म्हणून ते पान फाडायचं नाही, टाकायचं नाही, त्यात काही बांधायचं नाही. महिनाअखेर ऑफिसचा कारकून येऊन प्रत्येक फ्लॅटची पहिली पानं मोजून न्यायचा. आणि आपण पडलो मराठी माणसं, वर्तमानपत्र वाचण्याइतकंच फळीवर अंथरायला आणि तळण काढायला लागणारी! आई त्यासाठी आतली पानं घ्यायची. त्या दिवाळीत मात्र चकल्यांखाली पहिलं पान निघालं. तेल साहेबांच्या हनुवटीपासून कपाळापर्यंत चढलं होतं आणि गालांतून मागच्या बाजूची अक्षरं दिसत होती. नेमके तेव्हाच शेजारचे काका पक्कड परत करायला आले. तिथलेच होते ते, तुमच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन. दार उघडं होतं, ते थेट आत आले. तुम्ही कागदाकडे बघितलंत, मग त्यांच्याकडे, आणि आईवर ओरडलात, "अक्कल आहे का तुला? सगळ्यांना मारायचंय का?" आईवर आवाज चढवलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. काकांना मराठी येत नव्हतं, पण कळायचं ते कळलं. त्यांनी एक चकली सावकाश खाल्ली, दुसरी उचलली. मग उरलेल्या स्वतः ताटात काढल्या, कागदाची घडी करून शर्टाच्या आत सरकवली आणि गेले. दहा मिनिटांनी परत आले ते स्वतःच्या घरचं, त्याच दिवसाचं स्वच्छ पान घेऊन. तुमच्यापुढे धरलं. तुम्ही घेतलंत.

महिनाअखेर आपली पानं बरोबर भरली. शेजारी कारकून बराच वेळ होता. आठवड्याभरात काकांच्या दाराला बाहेरून कुलूप लागलं. "बदली झाली असेल," असं म्हणून तुम्ही भात कालवत राहिलात. पुढच्या शुक्रवारी फोटो पुसलात, पण ओठ हलले नाहीत. तुम्ही ऑफिसात कुणाला विचारलंत का? की न विचारणं हेच शहाणपण होतं? मी काम करते त्या फार्मसीत त्या देशातल्या एक बाई ब्लडप्रेशरच्या गोळ्या न्यायला येतात. मागे एकदा धीर करून त्यांना विचारलं, पान कमी भरलं तर काय व्हायचं हो? त्या हसल्या. "कधी काहीच नाही. कधी सगळंच. कारकुनाच्या मर्जीवर." म्हणजे बदलीही खरी असू शकते. मला तुमचा राग येतो, बाबा. पण माझी मुलगी मागे उभी असती, तर मीही ते पान घेतलं असतं.

हे पत्र घडी करून चकल्यांच्या डब्याखाली जाईल, आणखी कुठे जाणार? म्हणून एक सांगून टाकते. आईनं त्या दिवशी आतलंच पान अंथरलं होतं. ती कढईकडे वळल्यावर मी ते काढून पहिलं घातलं, चेहरा वर करून. साहेबांच्या तोंडावर तेल सांडलं तर काय होतं, ते मला बघायचं होतं. आईला कळलं होतं. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि तुमचं बोलणं मुकाट्यानं ऐकून घेतलं. तिनं तुम्हाला शेवटपर्यंत सांगितलं नाही, मीही नाही. नातीला मी म्हटलंय, लिही, आजोबा घाबरले होते. आणि पान कसं आलं असं तिनं विचारलं, तेव्हा म्हटलं, आजीकडून चुकून.