मांडीवरची पट्टी

सूनबाई,

तुझ्या नवऱ्याला अक्कल शिकवण्यात मी कमी पडले, हे आज कबूल करते. भट्टीवर भाजलेल्या उजव्या हाताला लावायला मांडीची कातडी काढली, तिथली पट्टी आपोआप सुटेपर्यंत ओढायची नाही, असं सिस्टरने तीनदा बजावलं होतं. सुटलेली कड तेवढी कात्रीने कापायची. या शहाण्याने बाथरूमला कडी लावून अख्खी पट्टी ओढून काढली. खालची कोवळी कातडीही सोलून निघाली. वर मला म्हणतो, "आई, आपोआप निघाली गं." मी काय दूधखुळी आहे?

त्याला पलंगावर आडवं करून स्वच्छ फडकं दाबून धरलं, रक्त थांबलंय. आम्ही दवाखान्यात निघालोय. चादर भिजत घातली आहे, ती बघून घाबरू नकोस. जेवण झाकून ठेवलंय. आधी जेव, मग ये.

एक मात्र तुला माहीत असू दे. मांडी भरून आली की तिथलीच कातडी पुन्हा काढून भाजलेल्या डाव्या हातालाही लावणार, असं काल डॉक्टर बोलले. तेव्हापासून त्याच्या घशाखाली घास उतरलेला नाही. मांडी भरूच नये, म्हणून ओढली त्याने. भाजल्यापेक्षा मांडीच जास्त ठणकते म्हणतो, ते खोटं नाही. उशीत तोंड खुपसून रडताना मी ऐकलंय. तू मात्र विचारू नकोस.

आता दाराशी मान खाली घालून उभा आहे. त्याला तोंडावर सांगितलं, "घाबरलास त्याबद्दल मी चकार शब्द काढणार नाही. पण कातडी न लावता डावा हात आखडू दिलास तर माझ्याशी गाठ आहे. घाबरतच चल, पण चल."