टेगवेनचा हात

प्रिय एलेरी,

सकाळपासून फोन उचलतोय आणि ठेवतोय. तलावावर गेलो, गळ न टाकताच परतलो. वारा घोंघावतोय, ट्राउट मासे पार तळाशी जाऊन बसलेत. घरात बसवत नाही, बाहेर करमत नाही, म्हणून लिहायला घेतलं.

आपल्या पाइनवरच्या मोरघारीला यंदा दोन पिल्लं झालीत. शनिवारी तिने एक ट्राउट उचलला, पण त्याच्या तोंडात कुणाचा तरी तुटका गळ होता. लोंबती दोरी पाण्यावर वाकलेल्या फांदीत गुंतली आणि बाईसाहेब उलट्या लटकल्या. फडफडेल तसतशी दोरी पंखाभोवती आवळत होती. वर घरट्यात पिल्लांचा आकांत.

काठावर सगळे जमले. शहरातून पक्षी वाचवणारी माणसं येईपर्यंत थांबायचं ठरत होतं, तेवढ्यात टेगवेन माझ्या होडीत येऊन बसली. गेल्या वर्षी पोस्टाशेजारी राहायला आलेली, कपडे शिवणारी. फोनवर तिच्याबद्दल ओझरतं बोललो होतो. म्हणाली, "वल्ही मार, एमरिस, बघत काय बसलायस!" काठावरून शेजारचा ग्लिन ओरडला, "अरे म्हाताऱ्या, उलटशील! पोहता तरी येतं का तुला?" येत नाही, तुला माहीतच आहे.

होडी हेलकावत होती. टेगवेन उभी राहिली, आपला कोट मोरघारीवर टाकून तिला छातीशी धरलं आणि दोरी कापू लागली. तोच नख्या तिच्या मनगटात रुतल्या. बाहीतून रक्त ओघळलं. मी ओरडलो, "सोड तिला!" तर म्हणते, "एवढा पंख मोकळा होऊ दे. तू होडी सांभाळ." शेवटचा वेढा सुटला, तशी मोरघार पाण्याला घासून उडाली आणि थेट घरट्याकडे गेली. काठावर टाळ्या, शिट्ट्या. टेगवेन मात्र पांढरीफटक पडली होती.

दवाखान्यात नर्सने विचारलं, "तुम्ही यांचे कोण?" माझ्या तोंडून निघून गेलं, "नवरा." टाके पडत असतानाही टेगवेन हसली, "हे मला आधी सांगायचंस तरी!"

परतताना गाडीत मी तिला लग्नाचं नीट विचारलं.  ती म्हणाली, "आधी एलेरीला विचार. तिची आई जाऊन चारच वर्षं झालीत. ती नको म्हणाली, तर आपण नुसते मासे धरू."

म्हणून हे पत्र, पोरी. आईचा कोट अजून दाराआड टांगलेला आहे. तो मी काढणार नाही, आणि टेगवेननेही कधी काढ म्हटलेलं नाही. पण संध्याकाळी दोघांचा चहा टाकायची सवय मला पुन्हा लागलीय. तू हो म्हण नाहीतर नको म्हण, रागाव हवं तर, पण फोन कर. माझ्याच्याने तो लावला जात नाहीये.

तुझाच,
बाबा