कोरं कार्ड

शरयू बेटा,

माझी दारू सुटून बरीच वर्षं झाली. आता मी दुसऱ्यांची सोडवायला त्यांच्या घरी जातो. माझा नियम एकच: घरचे बोलतील, पिणाऱ्यानं फक्त ऐकायचं, उत्तर द्यायचं नाही.

आज इथल्या गोहलपूर मोहल्ल्यात एका पिणाऱ्याच्या पोरीनं विचारलं, "अंकलजी, आपकी बेटी ने क्या कहा था?" मी खोटंच म्हटलं, "माफ कर दिया."

लाज वाटून राहिली, बेटा. तू तोंड उघडलं की मी ओरडायचो. नागपूरला निघून गेलीस, तेव्हाही तू गप्पच होतीस.

अन् या पत्रातही मीच बोलून राहिलो. म्हणून हे पत्र टाकत नाही. माझा पत्ता लिहिलेलं कोरं कार्ड तेवढं पाठवतो. त्यावर काय लिहायचं, ते तुझं.

ऐकायला बसलेला,
तुझा बाबा